दोन हिराबाई आणि एक नोंद

परिचारिका उजव्या डोळ्यात थेंब टाकणार, तेवढ्यात हिराबाई पाटील म्हणाल्या, "ह्यो नाय, डावा. उजव्यानं मला चांगला दिसते."

यादीत उजवाच लिहिलेला होता. परिचारिकेने थेंब बाजूला ठेवले. यादी आमच्या प्रोग्राममधून निघाली होती, म्हणून मला बोलावणं आलं.

मी पनवेलमध्ये पायथन शिकवतो. शाहीन माझी विद्यार्थिनी. ती या धर्मादाय नेत्र रुग्णालयात रिसेप्शनवर असते. नेरे भागातल्या मोतीबिंदू शिबिराच्या नोंदणीसाठी तिने पहिला प्रोग्राम लिहिला होता. नाव टाइप करायचं, मग वय, डोळा आणि लेन्सचा नंबर. एक रुग्ण झाला की पुढचा.

"सर, मी बेचाळीस जणांना टोकन दिलंय," शाहीन म्हणाली. "यादीत एक्केचाळीस आहेत."

तेवढ्यात बाकावरून दुसरा आवाज आला. "माजा नंबर कवा? मी पन हिराबाई पाटीलच हाय."

"ही खालच्या आळीची," पहिल्या हिराबाई म्हणाल्या. "हिचा उजवा डोळा गेलाय. माजा कशाला फोडता?"

चूक तिथेच कळली. माहिती आम्ही डिक्शनरीत ठेवत होतो. डिक्शनरी म्हणजे चिठ्ठ्या लावलेले खण. चिठ्ठीला 'की' म्हणतात. एका 'की'चा एकच खण असतो. तीच 'की' पुन्हा दिली तर नवा खण तयार होत नाही. जुनी माहिती जाते आणि नवी बसते. पायथन याबद्दल काहीही कळवत नाही. आमची 'की' होती रुग्णाचं नाव.

"पूर्ण नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"घेत होते. मधलं नाव विचारलं तर दोघीही गप्प. मी रिकामं सोडलं."

"धन्याचं नाव कसं घ्यायचं?" खालच्या आळीच्या हिराबाई म्हणाल्या. "कार्डावर लिवलेलं हाय. तुला वाचता येते ना, बाय?"

शाहीनने दोघींची कार्डं मागून घेतली. खरं तर उत्तर मी द्यायला हवं होतं. प्रोग्राम मीच तपासला होता, तीन वेगवेगळी नावं टाकून.

डॉक्टरांनी सगळ्यांची तपासणी पुन्हा करायला सांगितली. शाहीनने 'की' बदलली. नावाऐवजी टोकन क्रमांक, नाव खणाच्या आत. दुपारपर्यंत बेचाळीस नोंदी झाल्या.

तरी एक गोष्ट सुटली नाही. लेन्स यादीप्रमाणे मागवल्या होत्या. पहिल्या हिराबाईंची नोंद पुसली गेली होती, त्यामुळे त्यांच्या नंबरची लेन्स आलीच नव्हती.

"पुढल्या गुरुवारी या, मावशी," शाहीन म्हणाली. "गाडी घरापर्यंत पाठवते."

"येन. पन तुज्या मशिनीला सांग, पाटलांच्या गावात हिराबाई एकच नसते."

त्या गुरुवारी त्यांच्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली.

माझ्या वर्गात आता प्रोग्राम तपासताना एकच नाव दोनदा टाकावं लागतं. उजव्या डोळ्यात थेंब पडले नाहीत, याचं श्रेय मात्र प्रोग्रामला किंवा मला नाही. रुग्ण जागी होती आणि तिने तोंड उघडलं.