तिकवा ओहायोन आणि एकशे ब्याऐंशी पायऱ्या

तिकवा ओहायोनला ठोसा मारायला शिकवायला पंधरा दिवस लागले. निघून जायला शिकवायला तीन महिने.

मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते, एकतीस वर्षं झाली. हाइफाच्या उतारावर आमची इमारत आहे आणि तिच्या दारापासून खालच्या बाजारापर्यंत एकशे ब्याऐंशी पायऱ्या. त्या संपल्या की डाव्या हाताला तिकवाचं दुकान. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाचे कपडे अंगाबरोबर करून देणं हे तिचं काम. नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, साठी उलटली, तरी ही बाई रोज सकाळी आठला त्या पायऱ्या उतरायची आणि उतरता उतरता भेटेल त्याच्याशी भांडायची. मांजरांना शिळं घालणारीशी, कचरा उशिरा उचलणाऱ्याशी, नाहीतर माझ्याशी. भांडण मिटलं नाही तरी चालेल, पण शेवटचा शब्द तिचा हवा. तो मिळाला की स्वारी दिवसभर खूश.

ऑक्टोबरातला सुक्कोतचा सण संपून आठवडा झाला होता. भर दुपारी ती घरी जेवायला चढत होती. तिसऱ्या वळणावर तिशीच्या एका माणसाने तिला विचारलं, "मावशी, सिगारेट आहे का?"

दुसरी कोणी "नाही" म्हणून पुढे गेली असती. बरं, आमच्या गावातली दुसरी कोणी दोन वाक्यं बोलून गेली असती, हे मला कबूल आहे. तिकवा थांबली. तिचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला, ते तिने त्याला सांगितलं. मग त्याच्या शर्टाचं तुटकं बटण दिसलं, त्यावरून बोलली. तो एकेक पायरी जवळ येत होता आणि हिला वाटलं, ऐकून घेतोय बिचारा. त्याने पिशवीचा पट्टा ओढला तेव्हाही हिने विचारलं, "असं करतात का?" आणि पट्टा सोडला नाही. पाच पायऱ्या खाली पडली. उजवं मनगट मोडलं. पिशवीत एका नवरदेवाची विजार होती, तीही गेली.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण भीती काही निघाली नाही. तिकवा दारापर्यंत यायची, पायऱ्यांकडे बघायची आणि परत वर जायची. दुसऱ्या रस्त्याने बस आहे, पण बसथांब्यावर कोणी मागे उभं राहिलं तरी तिला घाम फुटायचा. दुकान बंदच राहिलं. मला सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू? ती भांडेनाशी झाली. मी मुद्दाम तिच्या दारात ओला पोछा वाळत घातला, तर म्हणाली, "असू दे, ड्वोरा." मी घरी येऊन रडले.

तिचा मुलगा एलियाव दक्षिणेला असतो. पोरगा वाईट नाही, काळजीनेच बोलतो. त्याने ठरवलं, इमाने, म्हणजे आईने, आता आपल्याकडे राहायचं. दुकानासाठी फोन दुरुस्त करणारा एक भाडेकरूही शोधून ठेवला. मार्चमधल्या पुरीमच्या सणानंतरच्या रविवारी त्याला किल्ली द्यायची. तिकवाने त्यालाही हो म्हटलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तिचा हात धरला, डावा, आणि तिला गल्लीतल्या निवाऱ्यात घेऊन गेले.

निवारा हल्ल्याचे भोंगे वाजतात तेव्हासाठी आहे, पण एरवी तिथे काय चालत नाही? सकाळी बालवाडी, सोमवारी गाणं आणि मंगळवारी दुपारी पन्नाशीपुढच्या बायकांसाठी क्राव मगा, म्हणजे स्वसंरक्षणाचे डाव. भिंतीवर पोरांनी काढलेले मासे, खाली चटया आणि ओलीचा वास. शिकवणारी नोगा सव्वीस वर्षांची, आवाज मात्र सुभेदाराचा.

"पहिला डाव कोणता?" तिने विचारलं. "निघून जाणं. दुसरा डाव? निघून जाणं. रस्ताच अडवला तर मग हात, कोपर, गुडघा. आणि ते झाल्यावर?"

"निघून जाणं," अकरा बायका एका सुरात म्हणाल्या. तिकवा भिंतीवरचे मासे बघत होती.

चाळीस वर्षं कात्री चालवलेला हात तो. पहिल्या दोन-तीन मंगळवारांतच तिला सगळं जमलं. उघडे हात छातीसमोर, "थांब तिथेच!" अशी आरोळी, आणि नाहीच ऐकलं तर तळहाताचा फटका. गिदी म्हणून अग्निशामक दलातला निवृत्त जवान आहे, तो जाड गाद्या बांधून चोर व्हायचा. तिकवाने त्याला असा हाणला की गडी बसलाच. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता तिने धावत जाऊन दाराला हात लावायचा होता. त्याऐवजी ती वळली आणि गिदीपुढे बोट नाचवत म्हणाली, "घरी आई आहे ना रे तुला? तिला कळलं तर?"

"बाई, मी उठतोय," शिरस्त्राणातून गिदी म्हणाला. "आता मी तुमचा पाय धरणार आहे." आणि त्याने धरला.

हे दर मंगळवारी व्हायचं. "तिकवा, दार!" नोगा ओरडायची.

"जातेय गं! पण त्याला सांगायचं राहिलंच ना!"

शेवटी नोगाने तिला घरचा अभ्यास दिला. रोज एक भांडण अर्धं सोडून यायचं.

"वेड लागलंय का तुला? त्याला वाटेल, मी हरले."

"वाटू दे. तो तिथे जिंकत बसेल, तुम्ही तोवर घरी."

आमच्याकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे उपास धरायला सांगण्यासारखंच. पहिले काही आठवडे ती साफ नापास झाली. मग एकदा दवाखान्यात "मला फक्त एक प्रश्न विचारायचाय" म्हणत एकजण रांग मोडून आत घुसला, आणि तिकवा चक्क गप्प बसली. तिथून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि मला त्या माणसाच्या जागी बसवून भांडण पुरं केलं. मी हसले, कारण ती भांडत होती.

पुरीम झाला. रविवार तीन दिवसांवर आला. गुरुवारी सकाळी आठला तिने माझी बेल वाजवली. हातात दुकानाची किल्ली.

"मी उतरतेय. तू दहा पायऱ्या मागे राहा. आणि तोंड उघडू नकोस."

मला वाटतं, तिच्याहून जास्त मीच घाबरले होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून एक तरुण उभा होता. तोच होता का? नाही, हा उंच होता. पण त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मावशी, सिगारेट आहे का?"

तिकवाचे हात आपोआप छातीसमोर आले, उघडे. "नाही. तिथेच थांब." आवाज असा की वरची खिडकी उघडली. भिंतीच्या बाजूने, त्याच्यावरची नजर न हटवता ती पुढे सरकली.

तो कठड्यालाच टेकून राहिला आणि हसला. "अरे वा! एवढी घाबरलीस, म्हातारे?"

ती थांबली. एक पाय खालच्या पायरीवर. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पैजेवर सांगते, आणि चांगलं झणझणीत होतं. मी मनात म्हटलं, दार, तिकवा, दार.

ती गेली. मागे न बघता, एकेक पायरी, थेट बाजारापर्यंत. मीही त्याच्याकडे न बघता तिच्यामागे सटकले. तिने दुकानाचं शटर दोन्ही हातांनी वर ओढलं, आत जाऊन शिलाईयंत्राची धूळ बाहीने पुसली आणि खुर्चीत बसून हुंदके देऊन रडली. मीही रडले. इतकं हलकं मला माझ्या बाळंतपणानंतर वाटलं नव्हतं. मग तिने डोळे पुसले, समोरच्या कापडी पुतळ्याला त्या पोराच्या जागी धरलं आणि पाव तास त्याची सालटी काढली.

घसा मोकळा झाल्यावर तिने एलियावला फोन लावला. "दुकान उघडलंय. पायऱ्या उतरून आले. किल्ली मिळणार नाही, त्या माणसाला तसं कळव."

पलीकडून एलियाव सुरू झाला. इमा, तुझं वय, इमा, तो भाडेकरू, इमा, तू समजून का घेत नाहीस. तिने दोन वाक्यं ऐकली. मग शांतपणे फोन ठेवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

मिनिटभरात माझा फोन वाजला. एलियावच होता.

"ड्वोरा, इमाला काय झालंय? तिने मला उत्तरच दिलं नाही!"

"काही झालं नाही, बाळा," मी म्हटलं. "बरी आहे ती आता."