शनिवारी मी नाँतला होते

“अगं आई, हळू बोल जरा. ती आत झोपलीय.”

किल्ली कुलपात अर्धी फिरवली होती, तेव्हा हे वाक्य दाराबाहेर मला ऐकू आलं. रविवार, संध्याकाळचे सहा. आवाज वृंदाताईचा, म्हणजे माझ्या फ्लॅटमेटचा. ती नागपूरला तिच्या आईशी फोनवर बोलत होती.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. मग आत झोपलं होतं कोण?

“आणि तू तिला घुमी म्हणतेस,” ताई पुढे म्हणाली, “काल तीन तास बोलली माझ्याशी. मीच ऐकत बसले होते.”

मी दार उघडलं. पाठीवर सॅक, हातात विमानतळावर घेतलेली पाण्याची रिकामी बाटली. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खोलीच्या बंद दाराकडे, मग परत माझ्याकडे.

“तू बाहेर कधी गेलीस?”

मी सॅक खाली उतरवली.

“आई, ठेवते गं. बाईसाहेब बाहेर फिरूनही आल्या.”

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव वर्षानुवर्षं वाचते, पण करमणूक म्हणून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. एखादी गोष्ट विचित्र वागली की ती पुन्हा तशी वागते का ते पाहायचं, हाच माझा रोजचा धंदा. भूत, आत्मा, चकवा… यातलं काही मी कधी मानलं नाही, आणि आजही मानते असं म्हणवत नाही. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालंय, त्यामुळे लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत.

मी मूळची पुण्याची, तीन वर्षांपासून डब्लिनमध्ये. आम्ही सँडीफोर्डला राहतो. माझं ऑफिस चालत बारा मिनिटांवर. वृंदाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. नवऱ्यापासून वेगळी झालीय. मुलगी ओवी, सहा वर्षांची, नागपूरला आजीपाशी असते. हे सगळं मला माहीत होतं, पण ताईने कधी सांगितलं म्हणून नाही. फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, म्हणून. आमचं बोलणं म्हणजे “दूध संपलंय”, “मी आणते”, “ग्रँड” (इथे “ठीक आहे”ला असं म्हणतात) इतकंच. दोष माझा. मला लोकांशी बोलायला जमत नाही. मनात वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो.

त्या मे महिन्यात मी शुक्रवारची सुट्टी टाकून फ्रान्सला गेले. नाँत नावाचं शहर. एकटीच. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की प्रश्न येतात. कुणाबरोबर चाललीस? एकटीच का? आईला तर नाहीच सांगितलं. ताईची शनिवार-रविवार ड्यूटी होती आणि मधल्या वेळात ती डून लेरीला एका मैत्रिणीकडे राहणार होती. त्यामुळे तिलाही सांगायची वेळ आली नाही.

नाँत निवडलं त्याला कारण होतं. तिथे गावभर जमिनीवर एक हिरवी रेघ रंगवलेली आहे. तिच्यावरून चालत राहायचं, ती तुम्हाला सगळं दाखवते. किल्ला, जुना बाजार, नदी, बागा. कोणाला रस्ता विचारावा लागत नाही. माझ्यासारखीला याहून काय हवं?

आणि खरं सांगते, मी तिथे फार सुखात होते. सकाळी बेकरीच्या रांगेत उभं राहून “बोंजूर” मनात घोळवायचं, आपला नंबर आला की म्हणायचं, आणि पुढचं बोट दाखवून भागवायचं. बेकरीबाहेर एक म्हातारा कुत्रा बसलेला असायचा, त्याला ओलांडूनच सगळे आत जायचे. नदीकाठी लाकडाचा आणि लोखंडाचा एक प्रचंड हत्ती आहे, यंत्रावर चालणारा, पाठीवर माणसं घेऊन फिरतो. त्याने सोंडेतून माझ्यावर पाणी उडवलं. शेजारच्या आजोबांनी इंग्लिशमध्ये विचारलं, कुठली? मी म्हटलं, इंडिया. त्यांनी हत्तीकडे बोट दाखवून म्हटलं, “मग तक्रार तुमच्याच घरी करायची.” मी हसले. दोन दिवसांत एवढंच काय ते संभाषण.

शनिवारी दुपारी चारला मी एका छोट्या हॉटेलात शिरले. तिथे काळसर पिठाची घावनासारखी एक गोष्ट मिळते, गालेत म्हणतात. त्याची ऑर्डर कशी द्यायची ते वाक्य मी सकाळपासून पाठ केलं होतं. वाढणारी बाई समोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं… आणि आवाज आला नाही.

घसा दुखत नव्हता. सर्दी नव्हती. ओठ हलत होते, श्वास येत होता, आवाज तेवढा नव्हता. मी खाकरून पाहिलं, परत प्रयत्न केला. काहीच नाही. मी मेनूवर बोट ठेवलं. बाईने गळ्याला हात लावून खूण केली, दुखतंय का? मी मान हलवली. तिने न मागता गरम पाणी आणि मध आणून ठेवला.

मी घाबरायला हवं होतं. घाबरले नाही, हे मला नंतर जास्त विचित्र वाटलं. उलट हायसं वाटलं. आता कोणी बोलण्याची अपेक्षाच करणार नव्हतं. खाऊन मी बागेत जाऊन बसले. लोक बदकांना ब्रेड टाकत होते. सात वाजता मुक्कामाच्या ठिकाणी परतले, काउंटरवरच्या मुलीने “बोंस्वार” म्हटलं आणि माझ्या तोंडून पटकन “बोंस्वार” निघून गेलं. नेहमीच्या आवाजात. हवामानामुळे झालं असेल म्हणून मी सोडून दिलं.

आता परत रविवारच्या संध्याकाळी.

मी आधी माझी खोली उघडली. पलंग मी आवरून ठेवला होता तसाच. पडदा ओढलेला. टेबलावर पाण्याचा ग्लास, अर्धा भरलेला. तो मी निघताना ठेवला होता की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

“बस. चहा टाकते,” ताई म्हणाली. तिने प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, दोन कप काढले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “मी नाही पाठवली ती मेल.”

“कुठली मेल?”

“हो का. आता विसरल्याचं नाटक कर.” ती हसली. ती हसते हे मला ठाऊकच नव्हतं. “रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी आईला फोन केला. सांगून टाकलं, की मी राजीनामा देत नाहीये. ओवीलाच इकडे घेऊन येतेय. आई आधी रडली, मग म्हणाली, ती पोरगी एवढं करेल काय?”

“कोण पोरगी?”

“तू. केतकी, बरी आहेस ना? की सगळे शब्द कालच संपवलेस?”

मी काही न बोलता बसले. मला ते जमतं. आणि ताईला वाटलं मी लाजतेय, म्हणून ती बोलत राहिली. तिचं सगळं बोलणं मी इथे एकत्र लिहिते.

शनिवारी तिची ड्यूटी बदलली आणि ती दुपारी घरी आली. नोकरी सोडून नागपूरला परत जायचं तिने ठरवलं होतं, कारण आई थकली होती आणि ओवी फोनवर बोलेनाशी झाली होती. तीनच्या सुमाराला ती राजीनाम्याची मेल लिहीत किचनमध्ये बसली असताना मी खोलीतून बाहेर आले. समोर बसले. म्हणाले, काय लिहितेस? तिने सांगितलं. मी म्हणाले, पाठवू नकोस. मुलीला इथे आण. तुझी ड्यूटी असेल तेव्हा मी आहे ना, माझं बरंच काम घरून चालतं. सहाला मी म्हणाले, जरा पडते, आणि आत गेले. मग रविवारी सकाळी दार बंद, पाचला ती परत आली तेव्हाही बंद. झोपू दे म्हटलं पोरीला, इतकं बोलून दमली असेल.

डब्लिनचे तीन म्हणजे नाँतचे चार. इथले सहा म्हणजे तिथले सात. हा हिशोब मी तिथेच बसून केला आणि कप खाली ठेवला.

“आणि त्या पाटीचं सांगितलंस ना,” ताई म्हणाली, “मला फार लागलं ते.”

“पाटी?”

“शाळेतली गं. मराठीत बोललीस म्हणून गळ्यात अडकवलेली. तू म्हणालीस, शब्दांचं काही नाही, ती सुतळी मानेला टोचायची. म्हणून म्हणालीस, की ओवी बोलत नाहीये तर तिला कुणाच्या भरवशावर सोडू नकोस, मूल एकदा गप्प झालं की लोकांना ते शहाणं वाटायला लागतं.”

चौथीत होते मी. मधल्या सुट्टीपर्यंत ती पाटी गळ्यात होती. घरी सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. सुतळीचं तर कुणालाच नाही. ते सांगण्यासारखं काही आहे असं मलाच कधी वाटलं नव्हतं.

त्या रात्री मी खोलीत बसून माझ्या पद्धतीने तपासत गेले. पासपोर्टवर शुक्रवारी आत गेल्याचा आणि रविवारी बाहेर पडल्याचा शिक्का. फोनमध्ये शनिवारी चार वाजून अठरा मिनिटांनी काढलेला त्या गालेतचा फोटो, बाजूला गरम पाणी आणि मध. मग ताईच्या बाजूने विचार केला. लागोपाठ ड्यूट्या, झोप नाही, डोक्यावर एवढा मोठा निर्णय. तिला स्वप्न पडलं असेल. पण माणसाला दुसऱ्याच्या मानेला टोचलेल्या सुतळीचं स्वप्न पडतं का? मी झोपेत बडबडते का? आईला विचारलं, ती म्हणाली, तू जागेपणी तरी कुठे बडबडतेस.

हे सगळं एकवेळ बाजूला ठेवता आलं असतं. पण मधे एक सहा वर्षांची मुलगी होती. मी न दिलेल्या शब्दावर एक बाई आपल्या मुलीला साता समुद्रापलीकडे आणायला निघाली होती. मी “त्या दिवशी मी घरातच नव्हते” म्हटलं असतं, तर ताईने एक तर मला खोटारडी समजलं असतं, नाही तर स्वतःला भ्रम झाला असं. आणि डॉक्टर बाईला दुसरी गोष्ट परवडणारी नव्हती. शिवाय राजीनाम्याची मेल तिने नुसती पाठवली नव्हती, पुसली नव्हती; तेवढ्यावर ती पाठवूनही टाकली असती. आणि “हो” म्हटलं असतं तर? मला तर दुकानात पिशवी मागताना धडधडतं. दुसऱ्याचं मूल मी कसं सांभाळणार? मी असा शब्द कधीच दिला नसता. मला माहितीये ना मी.

मंगळवारी मी ठरवलं, सांगून टाकायचं. पासपोर्ट किचनच्या टेबलावर ठेवून ताईची वाट पाहत बसले. ती आली ती एक पिवळा रेनकोट घेऊन. एवढासा. “मोठा होईल का गं तिला?” म्हणत तिने तो स्वतःच्या पोटाशी धरून दाखवला. मी पासपोर्ट उचलून मांडीवर घेतला.

“बाह्या दुमडता येतील,” मी म्हणाले.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. त्या तीन तासांत किचनमध्ये कोण बसलं होतं, हे मला आजही माहीत नाही. मी इंटरनेटवर शोधलं, असल्या प्रकाराला दोन-तीन नावं सापडली, त्याने काही उलगडलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला असा अनुभव आला असेल तर जरूर सांगा… फक्त “देवाची कृपा” किंवा “घराची शांत करून घ्या” एवढंच लिहू नका. मला भीती वाटत नाही. मला कळत नाही, इतकंच. आणि कधीकधी वाटतं, जी कोणी होती तिला माझ्यापेक्षा माझी जास्त माहिती होती.

रेनकोट आला त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी दुपारी, ताईने व्हिडिओ कॉलवर मला बोलावलं. पडद्यावर तिची आई, मागे सोफ्यावर ओवी, उशीत तोंड खुपसून.

“वृंदा, तू जरा तिकडे जा बाप्पा,” आजी म्हणाल्या. “मले पोरीशी बोलायचं हाय.”

ताईने भुवया उंचावल्या आणि गॅलरीत गेली. दार लावलं, पण काचेतून बघत राहिली.

“पोरी, मले खरं सांगजो,” आजी हळू आवाजात म्हणाल्या. “वृंदा म्हणते, तू स्वतःहून म्हटलं, का तिची ड्यूटी असली का तू हिच्यापाशी थांबशील. तू खरंच म्हटलं काय? का आमची वृंदा आपल्याच मनानं सांगून राहिली? नाही म्हटलं असशील तर नाही म्हण. राग नाही मले. पण एकदा पोरीले पाठवलं, तर मी तिले वापस बोलावणार नाही.”

सोफ्यावरच्या उशीमागून एक डोळा माझ्याकडे पाहत होता. एकच.

“हो आजी, मीच म्हणाले होते. पाठवा तिला.”