जेवणाच्या शेडमध्ये उतरलेली शांतता

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं बौद्धांचं घर, वडील शिक्षक. कोणी भानामतीचं नाव काढलं की ते त्याच्याशी तासभर वाद घालायचे, आणि मी त्यांचीच लेक. शाळेत फिजिक्स शिकवते. या कॉलमातले अनुभव वाचून "काय फेकतात लोक!" असं नवऱ्याला कितीदा म्हटलंय. आता माझी पाळी आली… हसायचं तर हसा.

आमची मुलींची निवासी शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या अलीकडे, अगदी हायवेला लागून. दिवसभर ट्रक. म्युझिकचा तास म्हणजे हार्मोनियम आणि हॉर्न यांची मारामारी. म्हणून गेल्या वर्षी ग्राउंडच्या टोकाची स्टोअररूम साऊंडप्रूफ करायचं ठरलं, आणि फिजिक्सची बाई म्हणून देखरेख माझ्याच गळ्यात पडली. भिंतींना दुहेरी बोर्ड, मधे रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, खिडकी पार बुजवलेली, जाडजूड दार, चौकटीला रबर. आवाजाचं पाण्यासारखंच असतं, फट सापडली की निघाला.

काम संपत आलं तेव्हा मी एकदा दार लावून आत बसले होते. बापरे! ट्रक नाही, पोरी नाहीत, काही नाही. दोन्ही कानांवर कोणी हात दाबून धरल्यासारखं वाटतं, आणि मग आपलाच श्वास मोठ्याने ऐकू यायला लागतो. ती शांतता दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

फक्त हँडलच्या भोकातून आवाज झिरपत होता. मिस्त्रीने आतलं हँडल काढलं, बाहेरचं तेवढं ठेवलं, भोक रॉकवूलने भरलं आणि वेगळं हँडल आणायला आदिलाबादला गेला. दार आपोआप लागणारं. म्हणून जाताना उंबऱ्यात वीट लावून त्याने सगळ्यांना बजावलं, "वीट हलवू नोका. दार लागलं त आतून उघडत नाही."

त्याच दुपारी जेवणाच्या शेडमध्ये माझी ड्युटी होती. एप्रिलचं ऊन, करंट गेलेला, स्टीलची ताटं आपटत पोरींचा नुसता कल्ला. मी रांगेवर खेकसत होते.

आणि एकदम सगळं बंद झालं.

हळूहळू नाही — दार लावल्यासारखं. समोर पोरी हसतायत, ताटं आपटतायत, हायवेवरून टँकर चाललाय… आवाज शून्य. भात वाढणाऱ्या शांताबाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, मला नुसते ओठ हललेले दिसले. वाटलं, गेले कान, बीपी चढलं. पण हा दाब माझ्या ओळखीचा होता. ही त्या खोलीतली शांतता होती! मग श्वास ऐकू यायला लागला. माझा नाही. मी माझा श्वास रोखून पाहिला, तरी तो चालूच. बारीक शिट्टीसारखा, ओढून ओढून घेतलेला.

तो श्वास नववीतल्या पल्लवीचा होता. पल्लवी वांकिडीकडची, गाणारी पोरगी, लहानपणापासून दमा. धाप लागली की होस्टेलमध्ये तिला मीच कितीदा पंप दिलाय.

मी पळाले. चप्पल सुटली ती ग्राउंडवरच टाकली. म्युझिक रूमचं दार बंद होतं. वीट भिंतीला टेकवलेली, बाहेरची फरशी ओली. पुसणाऱ्या बाईने वीट सरकवली होती, करंट नसल्याने आतल्या अंधारात बिचारीला कोणी दिसलंच नसणार. मी हँडल ओढलं, रबर चर्रकन सुटलं, आणि त्यासरशी सगळं परत आलं… ट्रक, कावळे, लांबून ताटं.

पल्लवी दाराशीच पडलेली. ओठ निळे, घामाने चिंब. मी तिला बाहेर ओढलं आणि "डोळे उघड! उघड म्हणते ना!" असं ओरडत ढसाढसा रडले. मागून आलेल्या पोरींनी तिचा पंप आणला, मग गाडी, मग सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती.

इथवरचं मी स्वतःला समजावलं असतं. ऊन लागलं असेल. रांगेत पल्लवी नाही हे मनाने आधीच टिपलं असेल. पुढे कानाच्या डॉक्टरांनाही दाखवलं, कान ठणठणीत निघाले.

पण संध्याकाळी दवाखान्यात पल्लवीने माझा हात धरला. स्पर्धेच्या गाण्याची प्रॅक्टिस करायला ती एकटीच गेली होती म्हणे.

"मॅडम, मी दार लय ठोकलं. कोनीच येऊन नाही राह्यलं. डोयासमोर अंधारी आली. मंग एकदम जेवनाचं सगळं ऐकू आलं… ताटं, पोरी. मले वाटलं, दार उघडलं. जीवात जीव आला."

"भास होतो बाळा, आत हवा कमी होती."

"नाही मॅडम. शांताबाई तुमाले बोलल्या तेबी ऐकलं ना मी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "काय बोलल्या?"

"'मॅडम, तोंड काऊन असं उतरलं तुमचं? ताक देऊ का?'"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्वयंपाकघरात गेले. शांताबाई तांदूळ निवडत होत्या. काल मला काय विचारलं होतं, एवढंच मी विचारलं, पल्लवीचं काही सांगितलं नाही.

"तुमाले ताक देऊ का इचारलं. तोंड उतरलं होतं ना तुमचं! तुमी त ऐकलंच नाही, नुसत्या पाहात राह्यल्या अन् पळाल्या."

मी तिथेच पाट ओढून बसले.

तेवढा वेळ माझे कान त्या पोरीकडे होते आणि तिचे माझ्याकडे — यापलीकडे मला काही सांगता येत नाही. खूप वाचलं, सहकाऱ्यांशी भांडले. पल्लवी आता दहावीत आहे. त्याच खोलीत गाते, पण दार सताड उघडं ठेवून, आणि मी बाहेर पायरीवर बसते. ट्रकचा आवाज येतो. येऊ दे.