संकासुराची चाल

मी गाव सोडलं तेव्हा शिमगा होता. एसटी चिपळूणच्या रस्त्याला लागणार, तोच संकासूर आडवा आला. काळा झगा, काळा मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. आत बाबा होते. मुखवटा चढला की संकासूर बोलत नाही आणि त्याला कोणी ओळखत नाही, हा आमच्या वाडीचा नियम. उजवा पाय ओढत चालायची बाबांची लकब गावाला पाठ होती, तरी कंडक्टरसुद्धा म्हणाला, "कोण बरं हा?" खिडकीखाली उभ्या आईने सरळ चेहऱ्याने सांगितलं, "बाबांना यायला जमलं नाही रे. रागावू नकोस." संकासूर माझ्या खिडकीसमोर जरा जास्तच वेळ नाचला. मीही ओळख दाखवली नाही.

आता ब्रुकलिनमध्ये असतो. काम घरूनच, लॅपटॉपवर. गावात अनोळखी व्हायला मुखवटा लागायचा, इथे त्याशिवाय जमतं. पूर्वी मराठी कार्यक्रमांना ड्राइव्ह करून जायचो. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग 'संस्कृती जपली पाहिजे' हे भाषण. जपणं म्हणजे शोकेसमध्ये ठेवणं असावं, कारण हात लावलेला कोणाला चालत नाही.

खालच्या मजल्यावर मर्लीन राहते. मूळची त्रिनिदादची, रिटायर्ड नर्स. उन्हाळाभर तिच्या बेसमेंटमध्ये कार्निव्हलचे पोशाख शिवतात, पिसं आणि मणी लावून. मिरवणूक संपली की तेच पोशाख ती कचऱ्यात टाकते. मी हळहळलो तर म्हणाली, "ठेवून दिले तर पुढच्या वर्षी शिवायचं काय?"

तिचे पूर्वज उसाच्या मळ्यांत गुलाम होते. सुटका झाल्यावर लोकांनी काकवी अंगाला फासली, शिंगं लावली आणि जुन्या मालकांना भिववलं. ढोलांवर बंदी आली तेव्हा बांबू आपटले, पुढे तेलाची पिंपं ठोकून सुरात आणली. हे सगळं तिने दातात सुई धरून सांगितलं. बदल्यात मी तिला एसटीची गोष्ट सांगितली, एकदाच.

यंदा बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. फोनच्या स्क्रीनवर सगळं पाहिलं, मधेमधे अडकत.

कार्निव्हलच्या पहाटे मर्लीनने दार वाजवलं. मी दरवर्षी कॉफी घेऊन फुटपाथवर उभा राहणारा माणूस. तिने काही न विचारता माझ्या तोंडाला काळा रंग फासला आणि गर्दीत ढकललं. पिंपं वाजत होती. थोड्या वेळाने लक्षात आलं, माझा उजवा पाय ओढला जातोय.

कोपऱ्यावर मर्लीन खुर्ची टाकून बसली होती, बहिणीबरोबर. मी समोर आलो, थांबलो, जरा जास्तच वेळ नाचलो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बहिणीला म्हणाली, "हा कोण गं? आपल्या बिल्डिंगमधला तर नाही."

रंगाखाली रडलेलं दिसत नाही, ही सोय बाबांनाही असणार.

तुम्ही विचारता, घर आता कुठलं? जिथे ओळखूनही 'कोण बरं हा' म्हणणारं माणूस असतं, ते. इथे माझ्याकडे असं एकच आहे, आणि ती डिसेंबरात लेकीकडे फ्लोरिडाला राहायला चालली आहे. बाथटबला काळ्या रंगाचा डाग आहे. अजून घासलेला नाही.