दोन भोकांचा मासा

दहिवलीच्या अलीकडे नदीवर एक बुटका बंधारा आहे. रविवारी तिथे गळ टाकायला एवढी माणसं बसतात की कोपर हलवायला जागा उरत नाही. त्यामुळे तिथे कायदे आहेत. कुठे लिहिलेले नाहीत, पण तालुक्याच्या कचेरीतल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळले जातात. ज्याची जागा त्याचा दगड, त्यावर दुसऱ्याने बसायचं नाही. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपापले गळ वर घ्यायचे, म्हणजे गुंता होत नाही. मुंबईहून महागडे रॉड घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनाही हे पटकन शिकवलं जातं, कधी गोडीने, कधी तशा नसलेल्या शब्दांत. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे दुसऱ्याच्या तंगुसाला, गळाच्या त्या नायलॉनच्या दोरीला, हात लावायचा नाही. जो लावील त्याचा दगड सगळ्यांदेखत नदीत ढकलतात. त्या माणसाने मग बंधाऱ्यावर पाऊल ठेवायचं नसतं.

माझ्या वडिलांचा, आबांचा, दगड अगदी टोकाला आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वर. भातशेतीतून उरलेला सगळा जन्म त्यांनी त्या दगडावर काढला. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून, तो आबा कानशीने घासून टाकतात. लहान मासा परत सोडताना त्याचं तोंड फाटू नये, असं त्यांचं म्हणणं. काटा ठेवून मासा धरण्यात कसली मर्दुमकी, असंही म्हणतात, पण ते इतरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे आणि हात थरथरतो. मासा आमिषाला तोंड लावतोय की आपलाच हात हलतोय, हे त्यांना कळेनासं झालं. गेल्या उन्हाळ्यात किती तरी रविवार आम्ही रिकामे परतलो. घरी आले की कोरडी पिशवी खुंटीला लावायचे आणि न बोलता जेवायचे. एकदा म्हणाले, दगड कुणाला तरी देऊन टाकतो. मला भीती वाटली. दगड दिल्यावर हा माणूस घरात बसून काय करील, हे मला दिसत होतं.

त्याच सुमारास शेजारच्या दगडावर एक नवा माणूस आला. कुंभिवलीला हायवेवर त्याचं गॅरेज आहे. फार बोलत नसे, पण पहिल्याच दिवशी त्याने वडिलांना ‘आबा’ म्हणून हाक मारली. माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाशी कुणी सलगी केली की आधी सातबारा आठवतो. आमचा रस्त्यालगतचा तुकडा विकत घ्यायला याआधीही कितीजण पेढे घेऊन येऊन गेलेत. मी त्याला सहज सांगून ठेवलं की आमची जमीन विकायची नाही. तो म्हणाला, बरं.

आणि आबांना मासे लागायला लागले. एक खवली, एक मरळ, कधी चांगला हातभर कटला. जेवताना पुन्हा गोष्टी सुरू झाल्या, सुनेच्या कालवणाला नावं ठेवणं सुरू झालं. मी खूश व्हायला हवं होतं. पण मला त्या गॅरेजवाल्याचं सारखं पायऱ्या उतरणं खटकत होतं. कधी हात धुवायला, कधी पिशवी बघायला. मासे जिवंत राहावेत म्हणून त्याची पिशवी कायम पाण्यात, आणि आबांचा तंगूस तिथूनच जवळ. आबांना एक मासा मिळतो, म्हणजे खरे किती लागत असतील आणि बाकीचे जातात कुठे? मी करंजाच्या झाडाखाली पेपर धरून बसायचो आणि पेपराच्या वरून त्याच्यावर नजर ठेवायचो.

एका रविवारी डबा धुवायच्या निमित्ताने मी पलीकडून पाण्यात उतरलो, आणि तो मला सापडला. पायरीवर वाकून त्याने आबांचा तंगूस हातात धरला होता. दुसरा हात पाण्यात होता, आणि त्या हातात मासा होता.

मी ओरडलो नाही. वर जाऊन आबांच्या कानात सांगितलं. खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला होता. आपला संशय खरा ठरला याच्याइतकं सुख थोडंच असतं.

आबा उठले. त्यांनी जुन्या मंडळींना हाका मारल्या. सगळ्यांनी गळ वर घेतले. गॅरेजवाला पायरीवर तसाच उभा होता, आबांचा तंगूस हातात आणि त्यावर मासा. कुणीतरी त्याची पिशवी उचलून पाहिली. रिकामी होती. कुणी म्हणालं, दुसरीकडे लपवले असतील. दोघे जण त्याच्या दगडाला हात घालून उभे राहिले. आबांनी हो म्हणायचाच अवकाश होता. मी विचारलं, बोलत का नाहीस? तो खाली बघत राहिला.

“मासा दे इकडं,” आबा म्हणाले.

त्यांनी मासा हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. दिसलं नसावं. मग त्याच्या तोंडात बोट घातलं. ओठात एक बारीक भोक होतं, आबांचा गळ अजून त्यातच होता. शेजारी दुसरं होतं, फाटलेलं, काट्याच्या गळाने फाटतं तसं. त्या दुसऱ्या भोकावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. तेव्हा मलाही कळलं, आणि डबा खाली ठेवावासा वाटला. तो मासे काढत नव्हता. आपले मासे आबांच्या गळाला लावून खालून झटका देत होता.

आता आबा गप्प राहिले असते तर त्याचा दगड गेला असता आणि आबांचे मासे आबांचेच राहिले असते. गॅरेजवाला काही बोलणार नव्हता, एवढं स्पष्ट दिसत होतं. सगळा बंधारा आबांकडे बघत होता.

“दगड सोडा त्याचा,” आबा म्हणाले. “यानं माझा मासा चोरला नाय. माझा एकबी मासा नव्हता. समदे याचेच.”

दोघांनी दगडावरचे हात काढले. आबांनी गळ काढून मासा त्याच्या पिशवीत टाकला. म्हणाले, “पुन्ना माज्या दोरीला हात लावलास तर मीच ढकलीन तुजा दगड. समजलं का रं?” त्याने मान हलवली.

घरी आबा जेवले नाहीत. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी सकाळी तेच गाडीपाशी येऊन उभे राहिले.

त्यानंतर संशय घ्यायचं काम त्यांनी माझ्याकडून स्वतःकडे घेतलं. गॅरेजवाला जागचा हलला की विचारायचे, कुठं चाललास? क्वचित एखादा मासा लागलाच तर आधी तोंडात बोट. दोन भोकं आहेत का बघायचे. मला तर पायऱ्यांवर राखणीलाच बसवलं. म्हणायचे, तुज्यासारका संशयी माणूस बघतोय म्हंजे काळजी नाय.

पावसाळा संपल्यावर एकदा त्यांना बरा मोठा रोहू लागला. मी नेमका चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर आबा मांडीवर मासा घेऊन तोंड चाचपत होते. एकच भोक होतं, बारीक, स्वच्छ. त्यांचा चेहरा बघून चहाचा ग्लास माझ्या हातातच राहिला.

गॅरेजवाला आपल्या दगडावर पाठमोरा बसला होता. बाही कोपरापर्यंत ओली. त्याचा गळ शेजारी वाळत पडला होता. मी वाकून पाहिला. उलटा काटा कानशीने घासून टाकलेला होता, घासलेली जागा अजून चकाकत होती. अशा गळाने धरलेल्या माशाला त्याच भोकात दुसरा गळ बसतो.

“तू बगितलास ना?” आबांनी मला विचारलं. “माजाच हाय ना?”

गॅरेजवाल्याने मान वळवली नाही. मी तो गळ उचलून त्याच्या गळांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

“तुमचाच, आबा,” मी म्हणालो.