कोमट पाणी

घरात माझ्या संशोधनाला कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाण्यातले जंतू शोधायचे, तेही त्यांच्या उष्णतेवरून. जंतू खातात, वाढतात आणि वाढताना किंचित ऊब सोडतात. बंद कुपीत पाणी आणि थोडं खाद्य घालून ती यंत्रात ठेवायची. जंतू असले तर कागदावरची रेघ वर चढते, नसले तर आडवी पडून राहते. हे ऐकून बाबा म्हणाले, म्हणजे तू पाण्याला थर्मामीटर लावतेस. झालं, सगळ्या नातेवाइकांत तेच पसरलं.

मग एका वर्षी गौरीजेवणानंतर अर्ध्या कुटुंबाची पोटं बिघडली. जेवण नेहमी आमच्याकडे, बडोद्यातल्या अकोट्याला, कारण गौरींचे मुखवटे आईकडे होते. तिथल्याच वासणा भागात राहणाऱ्या मोठ्या काकूचा त्यांच्यावर जुना डोळा. तिने आमच्या पाण्यावर ठपका ठेवला आणि पुढच्या वर्षापासून गौरी वासण्याला बसवू, असं घरोघर फोन करून सांगितलं. आईच्या ते फार जिव्हारी लागलं. दुहेरी पंच्यातून पाणी गाळायला तिला सासूने शिकवलं होतं आणि तसं गाळणारी बाई अख्ख्या बडोद्यात दुसरी नाही, असं तिचं ठाम मत होतं. आता ती जेवताना स्वतःच्याच फुलपात्रात वाकून बघायची. मला ते बघवत नसे.

शेवटी दोघी जावांनी ठरवलं की निकाल यंत्राने द्यावा. मला एकाएकी घरात मान आला.

काकूची बाटली आली ती थर्मासमधून, भोवती बर्फ. जंतू ऊब सोडतात ना, मग पाणी गारेगार केलं की यंत्राला काय कळणार, असा तिचा सरळ हिशेब. आईची बाटली हातात घेतली तर चटकाच बसला. पाणी खळखळ उकळून तिने ते थेट बाटलीत ओतलं होतं. दोघींचे चेहरे मात्र देवघरातून उठून आल्यासारखे. मीही दोन्ही बाटल्या तशाच प्रयोगशाळेत नेल्या.

यंत्रात सगळ्याच कुप्या आपल्या अंगाइतक्या उबेत राहतात. बर्फात गारठलेले जंतू तिथे खुशीत आले आणि काकूची रेघ चढत गेली. आईची आडवीच. निकाल ऐकून काकू म्हणाली, आम्हाला काय, इथे काय नि तिथे काय, कुठेही फावेल. मुखवटे अकोट्यालाच राहिले आणि आई घरभर मिरवू लागली.

मला काही राहवेना. मी गुपचूप नळाचं पाणी आणि नुकतंच गाळलेलं पाणी, दोन्ही नेलं. नळाची रेघ आडवी पडून राहिली. गाळलेल्याची काकूच्या रेघेपेक्षाही वर गेली. मधे काय होता, तर बारा महिने नळावर ओला लोंबणारा तो पंचा.

आई गवार निवडत होती तेव्हा मी तिला सांगितलं. तिने हातातली शेंग ताटात टाकली. मग काकूला सांगणार का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तिने उठून नळावरचा पंचा सोडला, पण टाकून देववेना. धुऊन वाळवून, घडी करून तो फडताळात ठेवला. मला वाईट वाटलं.

पुढच्या गौरीला पंगत बसली. काकूने एक घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं.

“पाणी कोमट लागतंय गं तुझं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मुलीच्या यंत्रात घालून बघायला हवं.”

आई तांब्या घेऊन तिच्यासमोर वाकली. मुखवटे मागे मखरात होते.

“बघितलंय, वहिनी,” ती म्हणाली. “आमचं गाळलेलं पाणी तुमच्यापेक्षा वाईट निघालं. म्हणून आता उकळते.”

काकूने एकदा मखराकडे बघितलं, एकदा आईकडे. मग फुलपात्र उचलून सगळं पाणी प्यायली आणि रिकामं फुलपात्र आईपुढे धरलं.