कल्हई उडालेलं तपेलं

शहापूरची ती घटना आठवली की आजही ताक माझ्या घशाखाली उतरत नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे फौजदार होतो. लग्नसराईचे दिवस. भरदुपारी सरकारी दवाखान्यातून खबर आली, एसटी स्टँडजवळच्या खानावळीत जेवलेली माणसं उलट्यांनी हैराण झाली आहेत. डोळखांबकडची एक म्हातारी, नातीची सोयरीक जुळवायला निघालेली, कल्याणला नेताना वाटेतच गेली. आम्ही पंचनामा केला, भांडी जप्त केली, नमुने तपासणीला पाठवले.

खानावळवाली बाई त्याच म्हातारीच्या गावची, कामाला वाघीण. तिने परवाना चौकटीत घालून देवांच्या तसबिरींशेजारी टांगला होता. त्याला रोज हळदकुंकू वाहायची.

संध्याकाळी खबऱ्या आला. समोरच्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकावरून भांडताना 'तुझी चूल विझवीन' अशी धमकी दिली होती म्हणे. त्याला उचलून आणला. लोकांनी त्याला केव्हाच दोषी ठरवलं होतं, त्याच्या हॉटेलवर दगडही पडले. तो मात्र एकच सांगत राहिला, "माझं तोंड वाईट हाय साहेब, पन मी इख नाय घातलं."

खोटं बोलणारा दर वेळी गोष्टीला नवं शेपूट जोडतो. हा जोडत नव्हता. मी उठून मुद्देमाल पाहायला गेलो. ताकाच्या पितळी तपेल्याच्या काठावर वाळलेलं ताक हिरवट दिसत होतं. आत कल्हईचा मागमूस नव्हता. असल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आईने लहानपणीच शिकवलं होतं. अहवालातही तेच आलं. ताकात तांबं उतरलं होतं, दुसरं विष नव्हतं. हॉटेलवाल्याला सोडला.

बाई म्हणाली, "वऱ्हाड जेवाया येनार व्हतं, माजी भांडी पुरत नवती. देवळातलं गावाचं तपेलं आनलं. राखेनं लखलखीत घासलं. गावाच्या भांड्याला नाव कोन ठेवील?"

मी परवाना चौकटीतून काढला. अटी मागच्या बाजूला छापलेल्या होत्या, इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून. पितळी भांड्यांना कल्हई हवी, ही त्यातलीच एक. ती वाचून दाखवली. "मंग मीच मारली म्हातारीला," एवढंच बाई बोलली. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागला, शिक्षा झाली, चूल कायमची विझली.

खटल्यानंतर तपेलं गावाला परत गेलं. आधी कल्हई करा, असं मी बजावलं होतं. काही वर्षांनी म्हातारीच्या मुलाने धाकट्या लेकीच्या हळदीला आग्रहाने बोलावलं. मांडवात तेच तपेलं, पोचा आलेलं, आमटीने भरलेलं. चिंचेची आमटी. आत कल्हई नाही.

"कल्हईवाला आता येतो कुठं साहेब?" तो हसला. "आन गावाच्या भांड्यानं काय व्हतंय? ती बाईच वाईट व्हती."

त्याची स्वतःची आई गेली होती हो! मी आमटी ओतायला लावली. यजमानाचं तोंड उतरलं. मी मांडवाबाहेर पडलो तेव्हा मागे तपेलं पुन्हा धुवायला घेतलं होतं, राखेनेच.

त्या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. कोर्टाला पटलं, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला पटलं नाही. मग त्या बाईने शिक्षा कशासाठी भोगली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.